सगळे एकाच चाळीत

पर्यटकांना फिरवताना मॉस्कोच्या नोवोदेविची दफनभूमीत माझा कार्यक्रम ठरलेला असतो. आधी सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह, शेवटी लेखक चेखव, आणि मध्ये दोन मिनिटं येकातेरिना फुर्त्सेवा. 1960 ते 1974 सोव्हिएत संघाच्या सांस्कृतिक मंत्री, कम्युनिस्ट पक्षाच्या अध्यक्षमंडळात, म्हणजे सर्वोच्च समितीत, पोचलेल्या पहिल्या बाई. चला पुढे.

त्या दिवशी गटात परळच्या एक आजी होत्या, मुलाने हौसेने आणलेल्या. गुडघ्यांपायी निम्मं मॉस्को त्यांनी बसमधूनच पाहिलं होतं. इथे मात्र अडल्या. ही बाई पोरवयात कापडगिरणीत लागली होती, असं मी ओघात बोलून गेलो होतो.

"कुठल्या खात्यात रे?"

"विणकर होत्या, आजी. आईसारख्याच."

"म्हणजे साच्यावर! आमच्या ह्यांचे साचे ब्याऐंशीच्या संपात थांबले ते थांबलेच." आणि बाजूच्या कठड्याला टेकून म्हणाल्या, "सांग आता सगळं."

सांगितलं. गिरणीतून पक्षात, मग मॉस्कोत रसायन-अभियंता, मग मॉस्को शहराच्या पक्षप्रमुख. 1957 साली मोलोतोव्ह, मालेन्कोव्ह ही पक्षातली बडी मंडळी ख्रुश्चेव्हना खाली खेचायला निघाली, तेव्हा ही ख्रुश्चेव्हच्या बाजूने ठाम उभी राहिली. बक्षीस मिळालं. चार वर्षांत त्याच ख्रुश्चेव्हच्या राज्यात अध्यक्षमंडळातून नाव उडालं. हिने मनगटाची शीर कापून घेतली. वाचली. मंत्रिपद तेवढं राहिलं.

"मंत्री म्हणून केलं काय?"

इथे मी नेहमी मोनालिसा सांगतो. 1974 मध्ये ते चित्र मॉस्कोत आणायला हिनेच खटपट केली. पण आजींना नुसतं कौतुक ऐकवणं जड गेलं. रोस्त्रोपोविच या चेलोवादकाने सरकारच्या रोषातल्या सोल्झेनित्सिन या लेखकाला आपल्या बंगल्यात आसरा दिला, तर हिच्या खात्याने त्याचे परदेशदौरे बंद केले. 1974 मध्ये तो देश सोडून गेला. त्याच वर्षी हिच्याही बंगल्याचं प्रकरण निघालं, पक्षाची समज मिळाली, पैसे भरावे लागले. ऑक्टोबरात गेली. सरकारी कारण हृदयविकार. लोकांची कुजबुज निराळी.

"तो वादक परत आला का?"

"आला. इथेच पुरलाय. बायकोही."

"आणि हिला काढणारा?"

"मघाशी पाहिलात ना, काळ्या-पांढऱ्या दगडांचा."

आजींनी कपाळाला हात लावला. "अगंबाई! सगळे एकाच चाळीत!"

दोन मिनिटांची चाळीस झाली होती. बसवाला हॉर्न मारत होता. चेखव राहिलाच.