बाल्साचे विमान आणि वऱ्हाडची हवा

रिमोटवर उडणाऱ्या मॉडेल विमानाच्या किटसोबत, म्हणजे कापलेल्या तुकड्यांच्या संचासोबत, येणारे सूचनापत्रक बहुधा अशा ठिकाणी लिहिलेले असते, जिथे कामाच्या खोलीतली हवा वर्षभर फारशी बदलत नाही. वऱ्हाडात लाकडी विमान बांधायला बसणाऱ्याने ही गोष्ट सर्वांत आधी ध्यानात घ्यावी. आमच्या पूर्णेच्या खोऱ्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, दुपारची हवा पार कोरडी होते, आणि दोन-अडीच महिन्यांनी त्याच घरात मिठाच्या बरणीला पाणी सुटते. लाकूड, गोंद, वरचे आवरण आणि बॅटरी या चारही गोष्टींवर हवेचा परिणाम होतो. त्यामुळे सूचनापत्रकातील कामांचा क्रम तोच ठेवला, तरी कोणते काम कोणत्या महिन्यात हाती घ्यायचे हे इथे आपले आपणच ठरवावे लागते. मी येथे लिहितो आहे ते १.६ मीटर पंखविस्ताराच्या, धडाच्या वर पंख असलेल्या शिकाऊ विमानाबद्दल. लढाऊ विमानाच्या प्रतिकृतीचा मोह कितीही झाला तरी पहिले विमान असेच सरळ, रुंद पंखाचे आणि सावकाश उडणारे असावे, असे माझे ठाम मत आहे.

या किटमधील बहुतेक लाकूड बाल्साचे असते. बाल्सा हे मध्य व दक्षिण अमेरिकेतले झाड असून जगाला त्याचा मुख्य पुरवठा इक्वेडोरमधून होतो. ते झपाट्याने वाढते, पाच-सात वर्षांत तोडणीला येते, आणि त्याच्या पेशींमध्ये भरपूर पाणी असल्यामुळे भट्टीत वाळवल्यावर मागे उरते ते अत्यंत हलके, पोकळ पेशींचे लाकूड. मॉडेलसाठी वापरल्या जाणाऱ्या बाल्साची घनता घनमीटरला साधारण १०० ते २०० किलो असते. आमच्या गावातल्या वाढईदादांनी त्याची फळी हातात घेऊन विचारले, “भाऊ, हे लाकूड हाये का भेंड?” प्रश्न रास्त होता. मात्र बाल्सा आपल्याला वाटतो तितका परका नाही. तो, फाल्गुनात लालभडक फुलणारी आपली काटेसावर आणि शेतातली कपाशी, ही तिन्ही माल्व्हेसी या एकाच कुळातली आहेत, आणि बाल्साच्या बोंडातूनही सावरीसारखीच म्हातारी उडते. सावरीचे लाकूड आपल्याकडे हलके समजले जाते. तरीही ते बाल्साच्या दुपटीच्या घरात जड भरते, म्हणून किटमधली एखादी फळी तुटली तर गावातल्या लाकडावर भागत नाही.

डबा उघडल्यावर गोंदाला हात लावण्यापूर्वी सगळे तुकडे वजन करून पाहावेत. लेझरने कापलेल्या रिबा, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या फासळ्या, आकाराने तंतोतंत सारख्या असतात, पण एकाच झाडातल्या दोन फळ्याही वजनाला सारख्या नसतात. ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा तालुक्याच्या बाजारात सहज मिळतो. जड रिबा पंखाच्या मुळाशी, हलक्या टोकांकडे, आणि दोन्ही बाजूंना वजनाची बेरीज सारखी, अशी वाटणी करावी. सर्वांत हलके लाकूड शेपटीसाठी राखून ठेवावे, कारण गुरुत्वमध्यापासून शेपटीचे अंतर नाकाच्या अंतराच्या दोन-तीन पट असते. मागे वाढलेल्या एका ग्रॅमची भरपाई करण्यासाठी पुढे दोन-तीन ग्रॅम शिसे घालावे लागते आणि ते शिसे विमानाला जन्मभर वाहावे लागते. लाकडातल्या रेषांचाही विचार हवा. ज्या फळीवर बारीक चकाकते ठिपके दिसतात ती ताठ असते, वाकवू गेल्यास फुटते, म्हणून ती रिबांना योग्य. जिच्यावर लांब रेषा दिसतात ती आडवी सहज वळते, म्हणून पंखाच्या पुढच्या कडेवरचे पातळ पत्रे तिचे करावेत. किट बनवणाऱ्याने ही निवड केलेली असते, असे गृहीत धरू नये.

पंख जितका सरळ बांधायचा तितका पाट सरळ हवा. फर्निचरच्या दुकानात मिळणारे फ्लश डोअर यासाठी फार चांगले. ते दोन स्टुलांवर ठेवून लांब पट्टीने तपासावे, त्यावर एकास एक मापाचा नकाशा पसरावा, नकाशावर पारदर्शक प्लास्टिक अंथरावे आणि मग स्पारच्या, म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या मुख्य, काड्या टाचण्यांनी जागच्या जागी बसवाव्यात. प्रत्येक रिब पाटाशी काटकोनात उभी आहे की नाही हे सुताराच्या लहान गुण्याने पाहावे.

पंखाच्या रचनेत मला सर्वांत सुंदर वाटणारा भाग बाहेरून कधीच दिसत नाही. विमान हवेत असते तेव्हा पंखांची टोके वर उचलली जातात, त्यामुळे वरच्या स्पारवर दाब येतो आणि खालच्यावर ताण. लाकडाची बारीक काडी ताण चांगला सोसते, पण दाबाखाली मध्येच बाक येऊन मोडते. म्हणून दोन रिबांच्या मधल्या प्रत्येक खणात, वरचा व खालचा स्पार जोडणारा बाल्साचा पातळ पडदा चिकटवायचा असतो. त्याच्या रेषा उभ्याच असल्या पाहिजेत. आडव्या ठेवल्यास पडदा रेषेवर चिरतो आणि त्याचा उपयोग जवळजवळ संपतो. पडद्यांचे वजन सगळे मिळून काही ग्रॅम असते, पण त्यांच्यामुळे दोन सुट्या काड्यांची एक तुळई होते. पुढे त्याच स्पारपासून पंखाच्या पुढच्या कडेपर्यंत वर-खाली पातळ पत्रे लावले की बंद नळी तयार होते आणि पंख पिळला जात नाही. घाई करणारे लोक हे पडदे नीट मापात कापत नाहीत, फटी गोंदाने भरतात. गोंद लाकडाहून जड असतो आणि फटीत तो भार पोचवत नाही, एवढेच म्हणून पुढे जातो.

आता गोंद. इथेच आपली हवा खरी आडवी येते. झटपट चिकटणारा सायनोॲक्रिलेट हवेतल्या ओलाव्यामुळे घट्ट होतो. त्यामुळे श्रावणात तो क्षणात पकडतो आणि तुकडा सरळ करायला उसंत देत नाही, तर एप्रिल-मेच्या कोरड्या दुपारी ओलाच राहून लाकडात जिरत जातो. कुलर सुरू असलेल्या खोलीत पुन्हा वेगळाच प्रकार: ओलावा वाढल्याने गोंद लवकर बसतो, पण कुलरच्या झोतात पडलेल्या पातळ फळ्या एका बाजूने ओल धरून वाकतात, शिवाय हलक्या रिबा उडून खाटेखाली जातात त्या वेगळ्याच. कुलर दुसऱ्या खोलीत ठेवून दार उघडे ठेवणे हा मला सापडलेला मध्यममार्ग. या गोंदाची वाफ डोळ्यांना झोंबते, म्हणून हवा खेळती असणे तसेही आवश्यक आहे.

फेव्हिकॉलसारख्या पांढऱ्या गोंदात पाणी असते. रिब आणि स्पारच्या सांध्यांना तो उत्तम, कारण मजबूत असून घासताना टणक गाठ ठेवत नाही, पण रुंद पातळ पत्र्यावर भरपूर लावला तर पत्रा पन्हाळीसारखा वळतो. लाकूड रेषांच्या लांबीत जवळजवळ हलत नाही, आडवे मात्र फुगते आणि आकसते; म्हणूनच काड्यांपेक्षा पत्रे अधिक छळतात. एपॉक्सीचे, म्हणजे दोन घटक मिसळून लावायच्या गोंदाचे, गणित तापमानाचे आहे. दर दहा अंशांच्या वाढीला तिची कामाची मुदत साधारण निम्मी होते, तेव्हा पाच मिनिटांची म्हणून विकली जाणारी एपॉक्सी आपल्या मेमधल्या खोलीत जेमतेम दीड मिनिट हाताळता येते. मोटार ज्या प्लायवूडच्या भिंतीवर बसते ती भिंत चिकटवणे हे विमानातले सर्वांत जोखमीचे काम. ते तीस मिनिटांच्या एपॉक्सीने आणि सकाळी लवकर करावे.

या सगळ्यामुळे मी सांगाडा बांधण्याचे काम दिवाळीनंतर काढतो. सोयाबीन घरात आलेले असते, हवा ना ओली ना फार कोरडी, आणि संध्याकाळी दार लावून बसता येते. वरचे प्लास्टिकचे आवरण चढवण्यासाठी मात्र मी फेब्रुवारीची अखेर किंवा मार्च पसंत करतो. पावसाळ्यात ओल धरलेल्या सांगाड्यावर आवरण चढवले, तर उन्हाळ्यात आतले लाकूड वाळून आकसते आणि वरच्या फिल्मला सुरकुत्या पडतात, कधी पंखही पिळतो. ही फिल्म कमी उष्णतेला चिकटते आणि जास्त उष्णतेला आकसते; म्हणून इस्त्री आधी मंद ठेवून सर्व कडा पक्क्या कराव्यात आणि नंतर उष्णता वाढवून मधला भाग ताणावा. ग्रामीण भागात भारनियमन व कमी दाब हे दोन्ही असल्याने इस्त्रीचे तापमान खालीवर होते, ते उरलेल्या तुकड्यावर तपासूनच हात चालवावा. गडद रंग उन्हात अधिक तापतो आणि सैल पडतो, म्हणून वरची बाजू पांढरी किंवा पिवळी ठेवावी आणि विमान उलटे आहे की सुलटे हे दुरून कळण्यासाठी खालच्या बाजूस रुंद काळे पट्टे द्यावेत.

विजेच्या सामानात सांगण्यासारखे थोडेच आहे. शिकाऊ विमानाला वजनाच्या किलोमागे १५० ते २०० वॉट पुरतात. मोटार दोनेक अंश उजवीकडे व तितकीच खाली कललेली असावी. २५ सेंटिमीटर रुंदीच्या पंखात गुरुत्वमध्य पुढच्या कडेपासून सात सेंटिमीटरच्या आसपास यावा, आणि शंका असेल तर तो थोडा पुढेच ठेवावा. नाक जड असलेले विमान रटाळ उडते, शेपूट जड असलेले हातीच राहत नाही. लिथियम बॅटरीचा चार्जर बारा व्होल्टवर चालणारा घेतल्यास वीज नसताना ट्रॅक्टरच्या बॅटरीवर काम भागते.

उडवण्यासाठी काळी जमीन निरुपयोगी आहे. ओली असताना चाकांना चिकटते, वाळल्यावर भेगा पडतात, आणि कापसाच्या शेतात पऱ्हाटीचे खुंट उभे असतात. गावाबाहेरची बरड ई-क्लास (गुरचराईची सरकारी) जमीन, जिथे गुरे चरून गवत आखूड राहिलेले असते, ती सर्वांत बरी. तरीही चाके किटमधल्यापेक्षा मोठी बसवावीत. कृषिपंपांच्या तारा कुठून जातात हे आधी फिरून पाहावे. २०२१ च्या ड्रोन नियमांत करमणुकीसाठी नजरेच्या टप्प्यात उडवायच्या, २५ किलोपर्यंतच्या मॉडेलची स्वतंत्र वर्गवारी आहे आणि डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळावरील नकाशातील हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत पूर्वपरवानगी लागत नाही. पण विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फुटांवर येते आणि त्याहून जवळ जमिनीपासूनच परवानगी लागते. एप्रिल २०२५ पासून अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर प्रवासी विमाने येऊ लागल्यामुळे त्या बाजूच्या गावांनी हा नकाशा अवश्य पाहावा.

हिवाळ्यातली सकाळ, धुवारी उठल्यानंतरचा तासभर, ही उडवण्याची उत्तम वेळ. उन्हाळी दुपारची हवा हिवाळ्यातल्या सकाळपेक्षा सुमारे दहा टक्के विरळ असते, म्हणून तेच विमान उतरताना पाचेक टक्के अधिक वेगाने आणावे लागते. शिवाय पडीक शेतातून वावटळ कधी उठेल याचा नेम नसतो.

घरी ठेवताना पंख वेगळा काढून आढ्याला आडवा टांगावा, भिंतीला टेकवू नये, कारण भिंतीतून उदई येते आणि बाल्सा तिला फार आवडतो. टिनाच्या छताखालची खोली टाळावी. बॅटऱ्या प्रत्येक सेलला ३.८ व्होल्टवर आणून घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात पत्र्याच्या डब्यात ठेवाव्यात. पंख धडाला बांधणारे रबर बँड उष्णतेने चिरतात आणि ही चीर ताणल्याशिवाय दिसत नाही. म्हणून ते टाल्कम पावडर लावून ठेवावेत आणि दर हंगामाला, चांगले दिसत असले तरी, नवीन घ्यावेत.