कर्नाळ्याची हरियाल वाट, आईच्या चालीने

आईला जंगल दाखवायचं खूप दिवस मनात होतं, पण तिच्या गुडघ्यांना चढ झेपत नाही. म्हणून जानेवारीतल्या एका मंगळवारी पनवेलजवळच्या कर्नाळा पक्षी अभयारण्यात गेलो आणि किल्ल्याकडे वळलोच नाही. हरियाल वाट धरली. जेमतेम किलोमीटरभराची, सावलीतली.

पनवेलहून पेणकडे जाणारी एसटी अभयारण्याच्या फाटकाशी सोडते, अंतर साधारण १२ किलोमीटर. चढतानाच कंडक्टरला सांगून ठेवा. फाटकावर प्लास्टिकच्या वस्तू मोजून अनामत घेतात, परतताना त्या दाखवल्या की पैसे परत मिळतात. स्टीलची बाटली नेली की हा प्रश्नच मिटतो. सातच्या आसपास पोहोचा आणि माकडांसमोर पिशवी उघडू नका.

सुरुवातीला काहीच दिसेना. १९६८ साली अभयारण्य झालेल्या या छोट्या जंगलातूनच मुंबई-गोवा महामार्ग जातो, त्यामुळे ट्रकांचा आवाज बराच आतपर्यंत येतो. मग आई दमून एका दगडावर टेकली आणि तिथेच आमचा पाऊण तास गेला. खरी सहल तीच. समोर वाळक्या पानांत खसपस सुरू झाली. मला सरडा वाटला. आई कुजबुजली, "अरे, कोंबडीसारखं उकरतंय बघ." नारिंगी डोक्याचा कस्तुर! चोचीने एकेक पान उलटत आमच्यापासून दहा पावलांवर आला.

पाठोपाठ टोळी आली: सुतार, माशीमार, गोमेट आणि त्यांच्या वर भृंगराज. एकाने उठवलेला किडा दुसरा टिपतो, म्हणून हे निरनिराळ्या जातींचे पक्षी एकत्र हिंडतात. टोळी २-३ मिनिटांत पुढे सरकते. मागे धावू नका, बसून राहा. शिक्रा हा शिकारी पक्षी ओरडला म्हणून मी आभाळात पाहिलं, तर ती भृंगराजाने केलेली नक्कल! शेपटीच्या दोन लांब तारा आणि टोकाचे झुबके आईला दुर्बिणीशिवाय दिसले.

एक कळकळीची विनंती. पुढे एक गट मोबाइलवर शामा या गाणाऱ्या पक्ष्याचा आवाज लावून उभा होता. शामाला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला. तो चरणं सोडून भांडायला येतो आणि थकतो. फोटोसाठी एवढा त्रास त्याला देऊ नका. थोडं थांबलात तर तो आपणहून गातो.

किल्ल्यासाठी वेगळा दिवस काढा. सुळक्यावर आग्या मधमाश्यांची पोळी असतात. अत्तर, धूर आणि आरडाओरडा टाळा.

साडेदहाला आम्ही फाटकाशी परत आलो. तिथे आईला मी तिबोटी खंड्याबद्दल सांगितलं: पावसाळ्यात इथे येणारा, ओढ्याकाठच्या मातीत बीळ करून अंडी घालणारा, मुठीएवढा रंगीत पक्षी. त्याच्या बिळाजवळ कॅमेरा घेऊन बसायचं नाही, हेही सांगितलं.

एसटीत खिडकीशी बसल्यावर तिने विचारलं, "तो तिबोटी कधी येतो म्हणालास?"

"जूनमध्ये."

"मग छत्री मोठी घेऊ या."