अर्धा चेहरा उजेडात

मी फोटोग्राफर झालो म्हटल्यावर शाळेतल्या मित्रांना चित्रकलेचा तास आठवतो. खरे श्रेय विज्ञानाच्या सरांचे. दिव्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की उजेड निम्मा नव्हे, चौथा हिस्सा उरतो, हे त्यांनी खिडक्या लावून घेऊन मेणबत्ती आणि कोऱ्या कागदावर दाखवले होते. परीक्षेत दोन गुणांचा प्रश्न. आज त्यावर माझे पोट चालते. माणसाला दिव्याजवळ बसवले की मागची भिंत आपोआप काळोखात जाते आणि बघणाऱ्याची नजर चेहऱ्यावरून हलत नाही.

दिवा एका बाजूला, डोळ्यांच्या थोडा वर ठेवला, तर नाकाची सावली गालावरच्या सावलीला जाऊन मिळते आणि काळोख्या गालावर, डोळ्याखाली, उजेडाचा छोटा त्रिकोण राहतो. धंद्यात याला, रेम्ब्रांट या जुन्या डच चित्रकारावरून, रेम्ब्रांट लाइटिंग म्हणतात. आपल्या गोव्याचे चित्रकार आंतोनियो शावियेर त्रिंदाद (१८७०–१९३५) यांना ‘पूर्वेचा रेम्ब्रांट’ म्हणत. त्यांची चित्रे पणजीत फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज संस्थेत आहेत. कॅमेरा घेणाऱ्या पोरांनी आधी ती बघावीत, लेन्स नंतर घ्याव्यात. आणि मे महिन्यात भर दुपारी अंगणात कोणाचा फोटो काढू नये. डोळ्यांच्या खोबण्यांत काळोख साचून सालस माणूसही रागीट दिसतो.

शाळेच्या या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मराठीच्या बाईंचा फोटो काढायला फोंड्याकडे त्यांच्या घरी गेलो. बाई पावडर लावून ओट्यावर तयार. तिथे उजेड मोकळा, चेहरा स्वच्छ येतो, पण सपाट. दोन फोटो काढले आणि त्यांना आत राजांगणाच्या, म्हणजे घरामधल्या उघड्या चौकाच्या, कडेला खांबापाशी बसवले. बाहेर पाऊस भरलेला. वरून एकाच अंगाने येणारा मऊ उजेड अर्ध्या चेहऱ्यावर थांबला. साडी पांढरी होती, तिचाच उजेड हनुवटीखाली येत होता. रिफ्लेक्टर पिशवीतून काढलाच नाही. चष्म्यात आभाळ दिसत होते, म्हणून मान जरा खाली घ्यायला सांगितली. बोलता बोलता आमच्या वर्गातल्या एका मुलाचा विषय निघाला. तो आता नाही. बाई बोलायच्या थांबल्या, तेव्हा बटण दाबले.

फोटोत उजेडातला डोळा शांत आहे. जे काही आहे ते सावलीच्या बाजूला, जेमतेम दिसणाऱ्या ओठाच्या कोपऱ्यात. तिकडे उजेड टाकला असता तर तो कोपरा नीट दिसला असता, इतकेच.

“अरे, तोंड काळं केलंस की माझं!” पडद्यावर बघून बाई म्हणाल्या. मग चष्मा पुसून पुन्हा बघितले आणि बराच वेळ कॅमेरा परत दिला नाही.

स्मरणिकेत आहे तो ओट्यावरचा. समितीचे म्हणणे, बाई ओळखू तरी यायला हव्यात. खरेच आहे. दुसरा बाईंनी मागून घेतला, मोठा करून, फ्रेमसकट. आणि पैसे घेतल्याशिवाय मला उठू दिले नाही.