पोहायचं नाही, मग पाण्यात करायचं काय?

वॉटर एरोबिक्सचा, म्हणजे पाण्यात उभं राहून करायच्या व्यायामाचा, माझा वर्ग सुरू होऊन तीन महिने झाले. बायका खूश आहेत, मीही खूश आहे, पण तलावाच्या खिडकीवर घातलेल्या सहा आठवड्यांचा राग अजून उतरलेला नाही.

प्रशिक्षण झालं, प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र मिळालं, बारा जणी जमल्या. अडलं ते छापील अर्जापाशी. त्यावर चौकटी दोनच, 'पोहता येते' आणि 'शिकाऊ'. आमच्या बायका साठीच्या, गुडघे दुखणाऱ्या. त्यांना पोहता येत नाही आणि शिकायचंही नाही. छातीपर्यंतच्या पाण्यात उभं राहिलं की अंगाचा भार जेमतेम तिसरा हिस्सा उरतो, गुडघ्यांना हवं ते तेवढंच. हे खिडकीतल्या भाऊसाहेबांना सांगितलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"मॅडम, पोहायचं नाही, मग पाण्यात करायचं काय?"

"व्यायाम."

"मग बागेत करा की."

पहिल्या चौकटीत खूण केली तर प्रत्येकीने पोहून दाखवायचं. दुसरीत केली तर शिकवणार तलावाचेच प्रशिक्षक, मी नाही. अर्ज वर गेला, खाली आला. साहेब साइटवर, साहेब रजेवर. एकदा तर अर्जच सापडेना. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, हे मला तेव्हा कळलं. तोडगा काढला तो तिथल्या जीवरक्षकाने. म्हणाला, "ताई, शिकाऊच भरा, आणि शेऱ्यात लिहा, उथळ भागात, स्वतःच्या प्रशिक्षकासह." साहेबांनी दोन मिनिटांत सही केली. दोन मिनिटांत!

शिकवताना काठावर उभं राहा, पाण्यात उतरलात तर तुमचे पाय कुणाला दिसत नाहीत. मात्र काठावर आपल्याला पाण्याचा आधार नसतो, म्हणून उड्या बेतानेच दाखवा. पहिल्या दिवशी मी वरातीतली गाणी लावली. बायकांचा एक पाय उचलेपर्यंत गाणं दोन ठेके पुढे. आता निम्म्या लयीत मोजते. छताखाली आवाज घुमतो, ओरडून माझा घसा बसला, तेव्हापासून हातांच्या खुणा.

हां, डॉक्टरांचा दाखला तलावाच्याच छापील नमुन्यावर लागतो, साध्या चिठ्ठीवर चालत नाही. त्यात माझी एक खेप फुकट गेली. सुती सलवार नको, पाणी पिऊन ती पायांत लोंबते. आणि नाडी मोजून दम ठरवू नका, पाण्यात ती जमिनीवरच्यापेक्षा कमीच भरते. मी बायकांना बोलतं ठेवते. तशा त्या गप्प बसतच नाहीत. एखादी गप्प झाली की समजायचं, दमली.

परवा पास वाढवायला गेले. भाऊसाहेबांनी बाराही पास उलटसुलट करून पाहिले.

"तीन महिने झाले मॅडम, एकीलाही अजून पोहता येत नाही?"

"शिकतायत," मी म्हटलं.