तीन सर्व्हर, राबणारा एकच

इंदूरच्या भंवरकुआं भागातील एका कोचिंग क्लासची सराव-परीक्षेची वेबसाइट मी सांभाळतो. दर रविवारी सकाळी नऊच्या ठोक्याला परीक्षा सुरू होते, आणि मध्यंतरी सलग दोन रविवार ती पाचच मिनिटांत कोलमडली. चौथा सर्व्हर घेऊन मोकळे व्हावे, असे संचालकांचे मत होते. तिसऱ्या रविवारी मी तिन्ही सर्व्हरवर ‘टॉप’ (यंत्रावरचा ताण दाखवणारी आज्ञा) उघडून बसलो, तेव्हा चार कोअरच्या, म्हणजे एका वेळी चार कामे पेलणाऱ्या, पहिल्या यंत्रावर लोड (चालू आणि रांगेतली कामे) ३८ पर्यंत चढला होता आणि उरलेली दोन यंत्रे १ च्या आतच रेंगाळत होती. (आईने दोनदा हाक मारली, पोहे निवले ते निवलेच.)

चूक माझीच होती. विद्यार्थ्याचे सेशन (त्याच्या लॉगिनची नोंद) ज्या सर्व्हरच्या मेमरीत आहे, त्याच सर्व्हरकडे त्याची पुढची रिक्वेस्ट जावी, म्हणून रिक्वेस्ट सर्व्हरमध्ये वाटून देणाऱ्या एनजिनएक्स या सॉफ्टवेअरमध्ये मी ‘आयपी हॅश’ ही, इंटरनेट पत्त्यावरून सर्व्हर ठरवणारी पद्धत लावली होती. ही पद्धत आयपीव्ही४ पत्त्याच्या चार भागांपैकी पहिले तीनच पाहते. आणि क्लासची लॅब व वसतिगृह एकाच इंटरनेट जोडणीवर असल्यामुळे तिथली शेकडो मुले बाहेरून एकाच पत्त्याची दिसत. एनजिनएक्सच्या लेखी तो एकच माणूस होता.

त्यावर आणखी एक भर पडे. मूळ सेटिंगप्रमाणे एकदा जरी टाइमआउट झाला, म्हणजे ठरलेल्या वेळेत उत्तर आले नाही, तरी एनजिनएक्स तो सर्व्हर दहा सेकंद बाद धरतो. म्हणजे थकलेला सर्व्हर बाजूला पडला की सगळा लोंढा दुसऱ्यावर जाई, तिथे कोणाचेच सेशन नसे, आणि मुले पेपर अर्धवट असताना पुन्हा लॉगिनच्या पानावर येत. तक्रारीचे फोन येत ते याचेच.

सेशन रेडिसमध्ये (तिन्ही सर्व्हरना सामाईक असलेल्या मेमरीतल्या साठ्यात) हलवले आणि ज्या सर्व्हरवर चालू कनेक्शन सर्वांत कमी, त्याला पुढचे काम देणारी ‘लीस्ट कनेक्शन’ पद्धत लावली. राउंड रॉबिन, म्हणजे पाळीपाळीने वाटप, मी मुद्दामच टाळले, कारण प्रश्न दाखवणे आणि निकाल काढणे यांच्या वेळांत फार फरक आहे आणि सारख्या संख्येने वाटलेले काम सारखे भरेलच असे नाही.

पुढच्या रविवारी लोड समान वाटला गेला आणि पोस्टग्रेस या आमच्या डेटाबेसने ‘टू मेनी क्लायंट्स’ (जोडण्या फार झाल्या) म्हणून हात वर केले. प्रत्येक सर्व्हरच्या पूलमध्ये, म्हणजे डेटाबेसशी जोडलेल्या कनेक्शनच्या साठ्यात, ४० कनेक्शनची मुभा होती. तिन्ही जागे झाल्यावर ती १२० झाली, आणि पोस्टग्रेसची मूळ मर्यादा १०० ची, त्यातलीही तीन सुपरयूजरसाठी (डेटाबेसच्या व्यवस्थापकासाठी) राखीव. आधी दोन सर्व्हर झोपलेले असल्यामुळेच हे झाकले गेले होते.

मर्यादा वाढवण्याचा मोह झाला, पण जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम (कामे येण्याचा वेग गुणिले प्रत्येकाला लागणारा वेळ म्हणजे एका वेळी चालू असलेली सरासरी कामे) आठवून आधी हिशेब केला: सेकंदाला हजार क्वेरी (डेटाबेसकडे केलेल्या विचारणा) आल्या आणि प्रत्येकीला २० मिलिसेकंद लागले, तर एका वेळी सरासरी वीसच कनेक्शन गुंतलेली असतात. आमची गर्दी त्याहूनही कमी होती. म्हणून प्रत्येक पूल उलट २५ वर आणला आणि जास्तीच्या रिक्वेस्ट क्षणभर रांगेत थांबू दिल्या. त्यानंतरच्या रविवारी तिन्ही यंत्रांवरचा लोड २ ते ३ च्या दरम्यान राहिला, आणि चौथ्या सर्व्हरचे कोटेशन संचालकांनी स्वतःच परत पाठवले.