तुम्ही विचारलंत म्हणून: लिलावाचे खेळ इतके वाखाणतात, मग पहिला डाव फसतो का?

लिलावाचा बोर्ड गेम घ्यावा का, असं पुष्कळजण विचारतात. त्याला हमखास एक पुरवणी असते: सगळे नावाजतात म्हणून आणला, पण पहिल्या डावात कुणालाच मजा आली नाही, आमचं काय चुकलं?

बहुधा काहीच चुकलेलं नसतं. या खेळांत वस्तूची किंमत खेळ बनवणारा ठरवत नाही, ते काम टेबलाभोवती बसलेल्यांचं. इतर खेळांत एखादं कार्ड जरा जास्तच जोरदार निघालं की ज्याच्या हाती ते लागलं त्याचं फावतं. लिलावात ते कार्ड महाग जातं आणि हिशोब बरोबर होतो. मात्र ते जोरदार आहे हे बसलेल्यांना कळायला हवं. पहिल्या डावात ते कुणालाच कळत नाही. मग एकजण 5 च्या मालाला 12 मोजतो, दुसऱ्याला 12 चा माल 4 ला मिळतो आणि डाव तिथेच संपल्यात जमा होतो. तुमच्या हातून काही न घडता, शेजाऱ्याच्या गफलतीमुळे तुम्ही हरता. म्हणून हे खेळ तिसऱ्या डावापासून रंगतात.

नवा खेळ समोर आला की आधी एक गोष्ट बघा: बोलीचे पैसे जातात कुठे? बँकेत गेले तर चूक फक्त घेणाऱ्याला भोवते. दुसऱ्या खेळाडूच्या खिशात गेले तर तीच चूक दुप्पट महाग पडते. राइनर क्निझिया या जर्मन खेळरचनाकाराचा ‘मॉडर्न आर्ट’ (1992) हे याचं उत्तम उदाहरण. पाच चित्रकारांची चित्रं खेळाडूच एकेक करून लिलावाला काढतात. पहिल्या फेरीअखेर ज्या चित्रकाराची चित्रं सर्वांत जास्त आली त्याच्या प्रत्येक चित्राला बँकेकडून 30 हजार, पुढच्याला 20, त्यापुढच्याला 10, उरलेल्या दोघांना शून्य. समजा एका चित्राचे फेरीअखेर 30 मिळणार हे स्पष्ट दिसतंय. नवखा ते 28 ला घेतो आणि दोन हजार सुटले म्हणून खूश होतो. पण ते 28 हजार चित्र पुकारणाऱ्याच्या हातात पडले. याला 2, त्याला 28. तेच चित्र 15 ला गेलं असतं तर दोघांचा फायदा सारखा. चौघांच्या डावात बाकीच्या दोघांना या सौद्यातून काहीच मिळत नसल्याने 15 च्या थोडं वर जायला हरकत नाही, पण 28 म्हणजे विकणाऱ्याला उचलून दिलेलं बक्षीस. उलट स्वतः पुकारलेलं चित्र स्वतःच घेतलंत तर पैसे बँकेत जातात, म्हणून तोही मोह जपूनच.

शिवाय ते 30 पक्के नसतातच. एकाच चित्रकाराचं पाचवं चित्र टेबलावर पडलं की फेरी तिथल्या तिथे संपते आणि ते पाचवं चित्र विकलंही जात नाही. तुम्ही भरवशाने घेतलेल्या चित्रकाराला पुढे आणायच्या आत कुणी फेरी आटोपली तर हातात शून्य किमतीचा कॅनव्हास. खरी किंमत कुणालाच ठाऊक नसते तेव्हा ज्याचा अंदाज सर्वांत फुगलेला, तोच लिलाव जिंकतो. तेलक्षेत्रांच्या बोलींत हेच होतं, असं तेल कंपनीतल्या तीन इंजिनिअरांनी 1971 मध्ये दाखवून दिलं होतं. उपाय साधा: मनातला अंदाज काढा आणि बोली त्याच्या बरीच खाली थांबवा. टेबलावर जितकी माणसं जास्त, तितकी आणखी खाली.

दुसरी तक्रार वेळेची, आणि ती रास्त आहे. ‘एकवीस’, ‘बावीस’, ‘तेवीस’ करत चाललेली बोली ऐकण्यासारखा कंटाळा नाही. चांगले खेळ याचा बंदोबस्त नियमातच करतात. ‘रा’ (1999, हाही क्निझियाचाच) खेळात पैसेच नाहीत. प्रत्येकाकडे आकडे लिहिलेल्या तीन किंवा चार सूर्याच्या सोंगट्या असतात, त्यांतली एक पुढे करून प्रत्येकाने एकदाच बोली लावायची, एका फेरीत निकाल. जिंकलेल्याचा सूर्य मधोमध जातो आणि तिथे आधी असलेला सूर्य त्याला डावाच्या पुढच्या टप्प्यासाठी मिळतो, त्यामुळे 13 चा सूर्य उधळताना बदल्यात काय येतंय हेही बघावं लागतं. ‘हाय सोसायटी’त प्रत्येकाला 11 नोटा मिळतात, 1 हजारापासून 25 हजारांपर्यंत, एकूण 106 हजार. एकदा टाकलेली नोट बोली चालू असताना बदलता येत नाही, वर भरच घालावी लागते. नवखे 1, 2, 3 च्या नोटा आधी उडवतात आणि नंतर दोनने चढवायचं असलं तरी 15 ची नोट टाकावी लागते. सुट्ट्या नोटा राखून ठेवा. आणखी एक: शेवटी ज्याच्याकडे सर्वांत कमी रोकड, तो कितीही श्रीमंती मिरवत असला तरी सरळ बाद.

घरच्या खेळात वेळ वाचवायचा असेल तर किमान वाढ ठरवून टाका. 20 च्या वर गेलं की दोन-दोननेच चढायचं. खेळ बिघडत नाही.

मुद्दाम भाव चढवणारा गडी प्रत्येक टेबलावर असतो. त्यात गैर काही नाही, अधूनमधून माल त्याच्याच गळ्यात पडतो आणि हिशोब चुकता होतो. खरा त्रास डाव संपत आल्यावर असतो: बाकी सगळे कफल्लक, एकाजवळ पैसे, आणि तो उरलेलं सगळं फुंकून घेतो. यासाठी सुरुवातीलाच भागाकार करा. टेबलावरचे एकूण पैसे भागिले विकायच्या वस्तू, ही झाली सरासरी. पहिल्या दोन-तीन वस्तू सरासरीच्या वर जाताना दिसल्या तर हात आखडा, पुढे स्वस्ताई येणार.

पहिला खेळ कोणता? ‘फॉर सेल’ (1997). 1 ते 30 क्रमांकांची घरं. पास म्हटलं की समोर मांडलेल्या घरांतलं सर्वांत हलकं घर मिळतं आणि लावलेले अर्धे पैसे परत. रिकाम्या हाताने कुणी उठत नाही आणि अर्ध्या तासात डाव आटोपतो. त्याहून हलकं हवं तर ‘नो थँक्स’: 3 ते 35 ची कार्डं, त्यातली नऊ न बघता बाजूला, तीन ते पाचजण असाल तर प्रत्येकी 11 चकत्या. इथे उलटा लिलाव, नको असलेलं कार्ड टाळायला चकती मोजायची. ‘पॉवर ग्रिड’ मात्र लगेच नको. त्यात वीजकेंद्रांचा लिलाव छान आहे, पण तो खेळाचा एक भाग, आणि केंद्राची किंमत कळायला आधी इंधनाचा बाजार कळावा लागतो.

दोघंच असाल तर लिलावाचा खेळ घेऊच नका, डब्यावर दोन ते पाच लिहिलेलं असलं तरी. भाव चढतो तो तिसऱ्यामुळे. दोघांत नुसती घासाघीस उरते.