टुर्मलीन, खडा क्रमांक ७: टोकांनी घात केला

जयपूरच्या जौहरी बाजारातून मागच्या दिवाळीत आणलेल्या खरडीतली (न घासलेल्या दगडांतली) टुर्मलीन या रत्नाची ही शेवटची हिरवी कांडी. लांबी १८ मिलिमीटर, वजन २.८ ग्रॅम, म्हणजे १४ कॅरट. अंगावर उभ्या रेघा, आडवा छेद फुगीर बाजूंच्या त्रिकोणासारखा. गद्दीवर "नायजेरियाचा माल" म्हणून मिळाली. गद्दीवर सांगितलेलं गाव मी वहीत पेन्सिलीनेच लिहितो.

डॉपला, म्हणजे घासताना खडा धरून ठेवणाऱ्या दांडीला, चिकटवताना या वेळी लाख नाही, स्पिरिटचा दिवाही नाही. खडा क्रमांक ५ आठवत असेल, अर्धा गुलाबी अर्धा हिरवा. तो लाखेवर बसवताना दिव्याची घाई केली आणि रंग बदलतो तिथेच टक् करून चीर गेली. दोन रंगांच्या दगडात आतून ताण असतोच, वर आपण आच द्यायची. आता फेविक्विक, रात्रभर थांबायचं, आणि सोडवताना अ‍ॅसिटोन.

कांडी आडवी धरून खिडकीतून पाहिली तर बाटलीचा स्वच्छ हिरवा. टोकाकडून पाहिली तर डांबर. लांबीच्या दिशेने जाणारा प्रकाश हा दगड जवळजवळ गिळूनच टाकतो. बायकोचा पोलराइज्ड गॉगल मधे धरून फिरवला, तर एका स्थितीत हिरवा उजळतो आणि काटकोनात फिरवल्यावर काळवंडतो. तेव्हा टेबल, म्हणजे खड्याचा वरचा मोठा सपाट पैलू, लांबीला समांतर घ्यायचं हे ठरलेलंच होतं, तसं घेतलंही.

चूक पुढे झाली. एमरल्ड कटच्या (पायऱ्यापायऱ्यांच्या लांबट चौकोनी घाटाच्या) खालच्या भागात लांब बाजूंना ५५, ४८ आणि ४२ अंशांच्या पायऱ्या घेतल्या. टुर्मलीनचा वक्रीभवनांक १.६२ च्या पुढे, त्यामुळे क्रांतिक कोन ३८ अंशांच्या आसपास. त्याहून चपट्या पैलूतून प्रकाश खालून निसटतो आणि खड्यात आरपार दिसणारी फिकी जागा, म्हणजे खिडकी, पडते; ४२ ला ती पडत नाही. आणि तेच कोन मी डोळे झाकून दोन्ही टोकांनाही दिले. २६० नंबरच्या खरखरीत चकतीने आकार, मग बारीक होत जाणाऱ्या ६००, १२००, ३०००, शेवटी कथलाच्या लॅपवर (फिरत्या चकतीवर) पॉलिशला अ‍ॅल्युमिना. डॉप बदलला, क्राउन (वरचा भाग) झाला, खडा सोडवला, धुतला, उलटा केला. मधे सुंदर हिरवा आणि दोन्ही टोकांना काजळ लावल्यासारखे दोन काळे त्रिकोण. टोकांचे पैलू चपटे असले की प्रकाश तिथून वळून कांडीच्या लांबीने धावतो, म्हणजे नेमका डांबरातून. हे मी वाचलेलं होतं, दुसऱ्यांना सांगितलेलंही होतं.

उपाय एकच: टोकं ७० अंशांना उभी करायची. पण खालचा भाग घासून झाल्यावर तिथे दगड उरलेलाच नसतो, म्हणून कोन उभा करायचा तर लांबीच द्यावी लागते. दर टोकाला दोन मिलिमीटर गेली. पुन्हा टेबलावर डॉप, पुन्हा टोकं, मग उलटा करून क्राउनची टोकंही नव्याने. दोन रविवार गेले. १५ मिलिमीटरचा खडा ११ वर आला.

आत्ताचं माप ११ × ६ मिलिमीटर, वजन २.३ कॅरट. १४ मधून २.३, म्हणजे जवळपास साडेसोळा टक्के. आधी नीट केला असता तर तीनच्या वर जायला हरकत नव्हती. पण काळे त्रिकोण गेले. टोकाजवळ जरा गडद छटा आहे, ती मला आवडते.

एका बाजूच्या मधल्या पायरीवर भिंगाखाली एक ओरखडा दिसतो. ठेवला आहे तसाच.

फोटो मात्र अजून धड नाही. दिव्याखाली खडा जरा तापला की आसपासची सगळी धूळ टोकांना येऊन चिकटते. तापताना-निवताना याच्या दोन टोकांवर विरुद्ध विद्युतभार येतो. १८ व्या शतकात डच लोक सिलोनहून आणलेल्या टुर्मलीनला त्यामुळेच 'राख ओढणारा' म्हणायचे. माझा सध्या मांजराचे केस ओढतोय. ब्रशने झाडला, पुन्हा दिवा लावला, पुन्हा तेच. उद्या सकाळी गच्चीवर उजेडात काढून बघतो.